विश्लेषण : गांधीजींचा विरोध यंत्राला होता की यंत्रामागच्या हिशेबाला?

मोबाइलची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता येत नाही. मिक्सरचा एक लहानसा भाग बाजारात मिळत नाही म्हणून अख्खा मिक्सर भंगारात जातो. या तक्रारी वाढल्यानंतर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली. वस्तू कोणासाठी घडवायची, बिघडली तर ती कोणी दुरुस्त करायची, तिच्यामुळे कोणाचे काम जाते आणि कोण कोणावर अवलंबून राहते, हे प्रश्न मात्र नवे नाहीत. महात्मा गांधींनी ते आयुष्यभर विचारले. यंत्रविरोधक अशी त्यांची प्रतिमा रूढ आहे. प्रत्यक्षात छापखाना, चपला, चरखा, संडास आणि राहते घर अशा रोजच्या वस्तूंच्या रचनेत त्यांनी जितके लक्ष घातले, तितके त्या काळातील क्वचितच एखाद्या राजकीय नेत्याने घातले असेल. त्यांच्या आयुष्याचा हा भाग उलगडण्याचा हा प्रयत्न.

यंत्राचा पहिला धडा कुठे मिळाला?

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरमध्ये जन्मलेले मोहनदास गांधी १८८८ मध्ये लंडनला गेले, बॅरिस्टर झाले आणि १८९३ मध्ये एका व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. तेथील भारतीयांच्या प्रश्नांसाठी १९०३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक सुरू झाले. पुढच्या वर्षी जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना त्यांनी जॉन रस्किन यांचे ‘अनटू धिस लास्ट’ रेल्वेतच वाचून संपवले. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, अंगमेहनतीचे जीवन हेच खरे जीवन, हा त्यातून त्यांनी घेतलेला अर्थ. लगेचच डर्बनपासून सुमारे १४ मैलांवरील फिनिक्स येथे जमीन घेऊन छापखाना तिकडे हलवण्यात आला.

छपाईचे यंत्र चालवायला तेलावरचे इंजिन होते. ते बंद पडले तर काय, ही शंका गांधीजींना आधीपासून होती. म्हणून हाताने फिरवायचे मोठे चाक तयार ठेवण्यात आले. साप्ताहिकाचा आकारही कमी केला, म्हणजे अडचणीच्या वेळी पायाने चालणाऱ्या ट्रेडलवर प्रती काढता येतील. पहिल्याच रात्री शंका खरी ठरली. इंजिन सुरू होईना. चाक फिरवायला एका वेळी चार माणसे लागत आणि छापखान्यातील सहकारी थकलेले होते. तिथेच झोपलेल्या सुतारांना उठवण्यात आले, त्यांनी आनंदाने हात लावला आणि पहाटेपर्यंत आळीपाळीने चाक फिरवून अंक वेळेवर निघाला. सकाळी इंजिन निमूटपणे चालू झाले. पुढे काही काळ फिनिक्समध्ये इंजिन मुद्दाम बंद ठेवून केवळ हातांच्या बळावर छपाई करण्यात आली. ते दिवस गांधीजींना नैतिकदृष्ट्या सर्वांत समृद्ध वाटत.

या प्रसंगात त्यांचा पुढचा विचार बीजरूपाने दिसतो. इंजिन वापरायला त्यांची ना नव्हती. ते बिघडल्यावर माणसे हतबल होऊ नयेत, एवढी तजवीज त्यांना हवी होती. १९१० मध्ये मित्र आणि वास्तुरचनाकार हर्मन कॅलनबाख यांनी दिलेल्या ११०० एकर जमिनीवर टॉल्स्टॉय फार्म उभे राहिले, तेव्हा हीच वृत्ती सुतारकाम आणि चपलांपर्यंत पोहोचली. कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात चपला बनवायला शिकून आले आणि त्यांनी ती विद्या गांधीजींना दिली. गांधीजींनी बनवलेल्या चपलांचा एक जोड त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी जनरल स्मट्स यांनाही भेट मिळाला होता.

‘हिंद स्वराज’मधील आक्षेप नेमका कशावर?

नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या जहाजावर गांधीजींनी अवघ्या दहा दिवसांत गुजरातीत ‘हिंद स्वराज’ लिहिले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. रेल्वे, वकील, डॉक्टर आणि यंत्रे यांच्यावर त्यात कठोर टीका आहे. मुंबई सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली.

पुस्तकातील विसंगती उघड होती. यंत्रांवरची टीका यंत्रावरच छापली जाणार होती आणि लेखक आगबोटीतून प्रवास करत होता. गांधीजींनी हा आक्षेप पुस्तकातच घेतला आणि विषावर कधी विषाचाच उतारा चालतो, अशा अर्थाचे उत्तर दिले. रेल्वे किंवा रुग्णालये बंद पाडणे हा आपला कार्यक्रम नाही, हेही त्यांनी १९२१ मध्ये स्पष्ट केले. त्यांचा रोख होता तो सोय आणि वेग यांनाच प्रगती मानण्यावर. वेगामुळे चांगल्याबरोबर वाईटही लवकर पसरते आणि गावाचे धान्य जास्त भाव देणाऱ्या बाजाराकडे ओढले जाते, असे ते मांडत.

भारतात आल्यावर रेल्वे त्यांनी सोडली नाही, पण ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून फिरले. १९१७ मध्ये त्यांनी या डब्यांतील गर्दी, घाणेरडे संडास आणि प्रवाशांची हेळसांड यांवर सविस्तर लिहिले. त्यात मुंबई ते मद्रास या प्रवासाचे वर्णन आहे. व्यवस्था कशी आहे हे तिच्या शेवटच्या डब्यातून पाहायचे, ही त्यांची रीत इथे दिसते.

चरखा शोधावा का लागला?

चरखा हे गांधीजींचे चिन्ह झाले, पण ‘हिंद स्वराज’ लिहिताना त्यांनी चरखा किंवा हातमाग पाहिल्याचे त्यांनाच आठवत नव्हते. १९१५ मध्ये अहमदाबादेत आश्रम सुरू झाल्यावर तिथे हातमाग बसवण्यात आले. मात्र सूत गिरणीचेच घ्यावे लागे. म्हणजे कापड हाताचे, पण धागा गिरणीमालकाच्या मर्जीचा. ही अडचण सुटावी म्हणून चरख्याचा शोध सुरू झाला. गंगाबेन मजमुदार यांनी खूप फिरून बडोदा संस्थानातील विजापूर येथे तो शोधून काढला. तिथे अनेक घरांत चरखे होते, पण माळ्यावर पडलेले. कोणी नियमित पेळू पुरवले आणि सूत विकत घेतले तर कातायला आम्ही तयार आहोत, असे बायकांनी सांगितले.

यातून गांधीजींना कळले की अवजार परत आणून भागत नाही. त्याच्या मागचा पेळू आणि पुढचा खरेदीदार, दोन्ही उभे करावे लागतात. सुरुवातीला मुंबईचे उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पाठवले. पण गिरणीच्या पेळूपासून हातसूत काढणे गांधीजींना पटेना. मग गंगाबेननी पिंजारी शोधला, पेळू करायला माणसे शिकवली आणि साखळी पूर्ण झाली. आश्रमात मगनलाल गांधींनी चरख्यात सुधारणा केल्या. आश्रमातील पहिली खादी वाराला १७ आणे पडली. हा भाव गिरणीच्या कापडापेक्षा कितीतरी जास्त होता. गांधीजींनी तो लपवला नाही. मित्रांना त्याच भावाने ती घ्यायला लावली.

शिलाई मशीनला सूट कशी मिळाली?

मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन गांधीजी येरवडा तुरुंगात आले. जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाचा त्रास बळावल्याने पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ती सुरू असतानाच वीज गेली आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. ज्या वैद्यकाला त्यांनी ‘हिंद स्वराज’मध्ये झोडपले होते, त्यानेच त्यांचा जीव वाचवला. ही विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही.

त्याच वर्षी रामचंद्रन या तरुण विद्यार्थ्याने दिल्लीत त्यांना थेट विचारले, की तुमचा सर्वच यंत्रांना विरोध आहे काय? गांधीजींच्या उत्तराचा आशय असा : मानवी शरीर हेच एक नाजूक यंत्र आहे आणि चरखाही यंत्रच आहे. विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे. श्रम वाचवण्याच्या नावाखाली हजारो माणसे बेकार होऊन रस्त्यावर येतात आणि संपत्ती मोजक्या हातांत साठते, हे त्यांना मान्य नव्हते. अपवाद म्हणून त्यांनी सिंगर शिलाई मशीनचे नाव घेतले. बायकोचे टाके घालण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र शोधले, अशी समजूत त्यांनी सांगितली. आयझॅक सिंगर यांचा इतिहास पाहता त्यांचे हेतू बरेच व्यापारी होते. पण गांधीजींची कसोटी त्या कथेवर अवलंबून नव्हती. घरातील माणसाचे कष्ट हलके करणारे, त्याचे काम न हिरावणारे यंत्र त्यांना चालत होते.

मग अशी मशीन बनवायला मोठे कारखाने लागतीलच, हा पुढचा प्रश्न होता. हे कारखाने सरकारच्या मालकीचे किंवा नियंत्रणाखाली असावेत आणि तिथल्या कामगारांची परिस्थिती माणसाला साजेशी असावी, असे त्यांनी सांगितले. म्हणजे मालकी आणि मजुरी या गोष्टींना ते यंत्राच्या रचनेचाच भाग मानत होते.

एक लाखाची स्पर्धा काय होती?

सप्टेंबर १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. साधा चरखा फार हळू चालतो, ही तक्रार कायम होती. १९२९ मध्ये संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळातील ही प्रचंड रक्कम होती. जुन्याला कवटाळून बसलेल्या माणसाचे हे लक्षण नव्हे.

अटी वाचल्या तर आजच्या एखाद्या उत्पादनाचा आराखडा वाटावा. यंत्र हलके, सहज नेता येणारे आणि खेड्यातील झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता येणारे हवे. एका स्त्रीला ते साधारण श्रमात सलग आठ तास चालवता आले पाहिजे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६ हजार फूट सूत निघाले पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत, बनावट भारतातील, आयुष्य किमान २० वर्षे आणि वर्षाचा दुरुस्ती खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. मुदत ऑक्टोबर १९३० पर्यंत होती.

वापरणारी व्यक्ती कोण, तिची ताकद किती, तिचे घर केवढे, तिच्या खिशाला काय परवडेल, बिघाड झाला तर खर्च किती, हे सगळे आधी ठरले होते. यंत्र त्यानंतर यायचे होते. अनेकांनी प्रयत्न केले, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही असे यंत्र घडवण्याची खटपट झाली. पण सर्व अटी कोणालाच पूर्ण करता आल्या नाहीत आणि बक्षीस दिले गेले नाही. वेग वाढवला की रचना गुंतागुंतीची होई, किंमत चढे आणि दुरुस्ती गावात होईनाशी होई.

येरवड्यात काय घडले?

मिठाच्या सत्याग्रहानंतर मे १९३० मध्ये गांधीजी पुन्हा येरवड्यात आले आणि जानेवारी १९३१ पर्यंत तिथे होते. या काळात त्यांनी स्वतः चरख्यावर प्रयोग केले. जुना उभा चरखा मोठ्या चाकामुळे अवजड असे. चाक लहान केले तर चातीचा वेग कमी होतो. त्यावर दोन चाकांचा उपाय निघाला. मूठ असलेले मोठे चाक दोरीने लहान चाकाला फिरवते आणि ते चातीला आणखी वेग देते. दोन टप्प्यांत वेग वाढत असल्याने सगळी रचना एका पेटीत मावते. पेटी मिटली की हातात धरून प्रवासाला नेता येते. ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला गेलेला हाच पेटीचरखा पुढे देशभर पोहोचला.

प्रयोग इतरांचेही चालू होते. प्रभुदास गांधी यांनी पायाने चालणारा, दोन्ही हातांनी कातता येणारा चरखा बनवला आणि त्याला मगनलाल यांचे नाव दिले. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन, म्हणजेच भारतानंद, यांनी धनुष्याच्या दोरीने फिरणारी ‘धनुष तकली’ तयार केली. औंध संस्थानात प्रजेकडे सत्ता सोपवण्याच्या प्रयोगातही फ्रिडमन यांचा सहभाग होता.

वर्ध्यात विचार कसा पुढे गेला?

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील जागेला मगनवाडी नाव मिळाले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले जे. सी. कुमारप्पा संघाचे काम पाहू लागले. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांचे प्रयोग तिथे झाले. रॉकेल परदेशातून येते म्हणून वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ बनवण्यात आला. डिसेंबर १९३८ मध्ये मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी केले.

१९३५ मध्ये अधिक कठीण प्रश्न पुढे आला. खादी स्वस्त ठेवायची तर कातणाऱ्या बाईला अगदी थोडी मजुरी मिळे. गिरणीमालकाला जो दोष द्यायचा, तोच आपल्याकडे येतो, हे गांधीजींनी ओळखले. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत असा त्यांचा आग्रह होता. ते साधले नाही, पण चरखा संघाने किमान मजुरीचे तत्त्व स्वीकारले आणि खादीचा भाव वाढला. खप घटेल या भीतीने काही कार्यकर्ते अस्वस्थ झाले. बनवणाऱ्याचे पोट भरत नसेल तर वस्तू स्वस्त नाही, तिची उरलेली किंमत दुसरा कोणीतरी चुकवतो, ही भूमिका गांधीजींनी सोडली नाही.

एप्रिल १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. मीराबेन यांच्या देखरेखीत उभी राहिलेली बापू कुटी माती, बांबू आणि कौलांची आहे. जे साहित्य जवळपास मिळते आणि जे काम गावातील कारागिराला येते, त्यातच घर बसवायचे होते. मात्र व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संपर्कासाठी दिलेला दूरध्वनीही याच आश्रमात होता. तो आजही तिथे पाहायला मिळतो. मातीच्या घरात टेलिफोन असण्याला त्यांची हरकत नव्हती.

आश्रमांतील संडासाची रचना हाही याच विचाराचा भाग होता. मैला मातीने झाकायचा, त्याचे खत करायचे आणि सफाई सर्वांनी पाळीपाळीने करायची, असा नियम होता. घाणीचे काम एका जातीच्या माथी मारणारी व्यवस्था गांधीजींना तोडायची होती.

टीका कोणती झाली?

सर्वांत गाजलेला वाद रवींद्रनाथ टागोरांशी झाला. १९२५ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’तील लेखात त्यांनी चरख्याच्या पंथावर टीका केली. सर्वांनी तेच ते काम करत राहिल्याने बुद्धी जड होते आणि विज्ञानाची मदत नाकारल्याने दारिद्र्य हटत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. गांधीजींनी जाहीर उत्तर दिले. ज्याला वर्षातून कित्येक महिने काम नाही त्याच्यासाठी चरखा आहे, काम असलेल्याने ते सोडून कातावे असे आपण म्हणत नाही, अशी त्यांची बाजू होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ च्या ग्रंथात याहून मूलगामी आक्षेप घेतला. माणसाला पशुवत कष्टांतून सोडवून फुरसत आणि संस्कृती देते ते यंत्रच. दोष यंत्राचा नसून संपत्ती मोजक्यांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी मांडले. पिढ्यानपिढ्या अंगमेहनत आणि सफाई ज्यांच्यावर लादली गेली, त्यांना श्रमाचा गौरव ऐकवणे ही फसवणूक ठरते, हे या टीकेचे मर्म. गांधीजींनी मालकी आणि मजुरीचा प्रश्न मांडला हे खरे. पण आश्रमातील सफाईची पाळी स्वेच्छेची होती आणि आश्रमाबाहेर जात तशीच राहिली. जातीने नेमून दिलेले कष्ट यंत्राने संपणार असतील तर ते यंत्र हवेच, या युक्तिवादाला त्यांच्याकडे पुरेसे उत्तर नव्हते.

आर्थिकदृष्ट्याही खादी गिरणीच्या कापडाला मागे टाकू शकली नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. स्वतंत्र भारताने मोठी धरणे आणि पोलाद कारखाने निवडले. खादीला सरकारी आधार लागला आणि १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला.

आज यातून काय घेता येईल?

ब्रिटनमध्ये काम करणारे अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाखर यांनी १९७३ च्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’मध्ये योग्य तंत्रज्ञानाची कल्पना मांडली, तिच्यावर गांधीजी आणि कुमारप्पा यांचा प्रभाव होता. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. धूर कमी करणाऱ्या चुली, बायोगॅस आणि मातीच्या बांधकामावर तिथे काम झाले.

गांधीजींची उत्तरे आज जशीच्या तशी लागू होणार नाहीत. घरोघरी चरखा फिरवून कापडाची गरज भागणार नाही आणि सफाईचे काम यंत्राकडे जायलाच हवे. गटारात उतरून माणसे अजूनही मरतात, तिथे आंबेडकरांचा आक्षेपच अधिक खरा ठरतो. पण १९२९ च्या स्पर्धेतील अटींची यादी जुनी झालेली नाही. वापरणाऱ्याला वस्तू पेलते का, ती किती वर्षे टिकेल, दुरुस्तीला वर्षाला किती खर्च येईल आणि ती गावात होईल का, हे प्रश्न त्या यादीत विक्रीच्या आधी विचारले होते. आज दुरुस्तीच्या हक्काच्या चर्चेत तेच प्रश्न वस्तू बिघडल्यावर विचारले जात आहेत.